पिवळे तळहात

मागच्या हिवाळ्यात माझे तळहात पिवळे झाले. घरात घबराट. शेजारच्या काकूंनी तर कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ताही दिला. डॉक्टरांनी मात्र आधी माझे डोळे पाहिले. ते पांढरेशुभ्र. मग हसून विचारलं, "कविराज, गाजरं किती खाता?"

आता काय लपवायचं! सकाळी गाजर, दुपारी पपई, रात्री गाजरहलवा.

मित्रहो, त्या रंगाचं नाव बीटा कॅरोटीन. पपई, हापूस, लाल भोपळा यांतही तेच. पालकात, शेवग्याच्या पाल्यातही ते असतं, पण हिरव्या रंगाखाली झाकलेलं. शरीर गरजेपुरतं त्याचं अ जीवनसत्त्व करतं. उरलेलं कातडीत साठून असं पिवळं दिसतं. ते तेलातुपात विरघळतं, म्हणून कच्च्या गाजरापेक्षा फोडणीची भाजी अधिक अंगी लागते. हलव्यातलं तूप इथं माझ्या बाजूनं साक्ष देतं, साखर देत नाही.

हे जीवनसत्त्व कमी पडलं की मंद उजेडात दिसेनासं होतं. लहानपणी माझा एक सवंगडी मगरिबच्या अजानीनंतर भिंत चाचपत घरी जायचा. आम्ही हसायचो. त्या हसण्याची आज लाज वाटते. त्याच्या अंगणात शेवगा होता. शेंगा बाजारात जायच्या, पाला शेळीला. आता बाळांना नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. तेव्हा आमच्या गल्लीत रातांधळेपणा हा नशिबाचा भाग होता.

माझे तळहात पाहून भाईजानना वेगळंच सुचलं. ते बिडी ओढतात. गाजर इतकं गुणाचं, तर गोळीच घ्यावी, म्हणजे बिडीचा दोष फिटेल, असा त्यांचा हिशोब. बाटली घेऊनही आले. हाच हिशोब फिनलंडमध्ये शास्त्रज्ञांनी २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तपासला होता. १९९४ साली निकाल आला. रोज वीस मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही. उलट अठरा टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. भाजीतल्या कॅरोटीनवर हा ठपका नाही. तिथं ते इतर अनेक घटकांबरोबर, बेताबेतानं पोटात जातं.

भाईजानना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी बाटली मुकाट्यानं माझ्या हाती दिली. बिडीचं बंडल मात्र अजून उशीखाली आहे.