स्वागताध्यक्षांचे भाषण : मिरज



मी औषधांचा घाऊक व्यापारी. आजचा विषय लेसर; त्यातले मला कळते ते इतकेच : १९६०च्या दशकात बुडापेस्टच्या डॉ. एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांवर क्षीण लेसर सोडला, तर भादरलेले केस लवकर उगवले. पुढे तोच प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरला गेला. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात म्हणे. मधुमेह्याच्या पायाला तो किती मात्रेत द्यावा, यावर आपण डॉक्टर मंडळी भांडालच.

मला गावाबद्दल बोलू द्या. १८९४मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय काढले आणि लांबलांबचे रोगी मिरजेची वाट धरू लागले. कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांवरच्या जखमा या गावाने पिढ्यान्‌पिढ्या धुतल्या आहेत. पण मला आठवण करून द्यायची आहे ती भडभडे डॉक्टरांची. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळे भाजून त्यांच्याकडे आला. नजर काही पूर्ववत झाली नाही. पण डॉक्टरांनी त्याचा गळा हेरला, संस्थानिकांकडे शब्द टाकला आणि मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकू लागला. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर! डॉक्टरांच्या नावाचा साधा चौकही गावात मला दिसत नाही, हे नगरसेवकांनी ऐकावे. गवई अब्दुल करीम खाँसाहेबही इथेच विसावले आहेत. वेळ काढून सतारमेकर गल्लीत जा. वाळलेले भोपळे टांगलेले दिसतील, तानपुऱ्याची जवारी कानाने लावणारा कारागीर दिसेल. २०२४मध्ये त्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता उणिवा. लॉजच्या खोल्या कमी पडल्या, म्हणून काहींना मंगल कार्यालयात उतरवले आहे. तिथे डास आहेत, अगरबत्ती दिली आहे. सकाळी गरम पाणी उशिरा आले, क्षमा असावी. जनरेटर सांगून ठेवलाय, वीज मात्र आपल्या हातात नाही. हळदीच्या व्यापाऱ्यांनी जेवणाचा भार उचलला, एका दात्याने नाव न घेण्याच्या अटीवर मांडव दिला, मंडळाच्या पोरांनी रात्रभर खुर्च्या वाहिल्या. सर्वांचे ऋण मान्य करतो. एखाद्याचा उल्लेख राहिला असेल, तर त्याने रुसू नये, जेवायला यावे.

शेवटी एक विनंती. दुपारच्या प्रात्यक्षिकात संरक्षक चष्मा लावल्याशिवाय कोणी यंत्राजवळ जाऊ नये. चष्मे भाड्याने आणले आहेत. जाताना दारातल्या स्वयंसेवकाकडे परत द्यावेत.