पडद्याखालचा घाट



मी दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. हेच किरण जुन्या चित्रांवरही वापरतात. व्हॅन गॉगला पैशांची चणचण. तो जुन्या चित्रावरच नवं काढायचा. त्याच्या १८८७ च्या गवताच्या चित्राखाली एका बाईचा चेहरा आहे. साध्या एक्स-रेत तो पुसटच दिसे. २००८ मध्ये हॅम्बुर्गला किरणांच्या बारीक झोतानं तो भाग ठिपका-ठिपका तपासला. हिंगुळातला पारा आणि पिवळ्यातलं अँटिमनी कुठे आहे ते कळलं, आणि ओठ-गालांसकट बाई समोर आली!

ते वाचताना आपले चित्रकलेचे सर आठवले. गॅदरिंगचा तोच पडदा दरवर्षी पांढरा करून नवा देखावा काढायचे. आमच्या वर्षीचा वेदगंगेचा घाट त्याखालीच असणार. खरं सांगते, तो दिसेलच असं नाही. सरांच्या रेघा काजळीच्या, आणि काजळी एक्स-रेला अडवत नाही. तिला इन्फ्रारेड लागतं.

सर आता नाहीत. कमिटीला एकच विनंती, यंदा तो पडदा रंगवू नका. घडी घालू नका. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि कोरड्या खोलीत ठेवा. दिवाळीत येते, तेव्हा बघू.