विहीर उपसती राहू द्या

सोयाबीन निघालं, मोंढ्यातून पैसा हाती आला, की आपल्या औंढ्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही. लेकरांना कपडे, म्हातारीला लुगडं, गळक्या छपराला चार पत्रे. भाव पडला, की तोच बाजार ओस. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता; कितीतरी शेतकऱ्यांनी त्याहून खूप कमी भावात माल घातला. ती तूट शेतकऱ्याच्याच घरात राहिली असं समजू नका. त्यानं सदरा शिवला नाही, म्हणून शिंप्याची मशीन थांबली. शिंप्यानं भाजी कमी घेतली, म्हणून माळणीची टोपली भरलेली परत गेली.

आपल्या विहिरीचं पाहा. उपसा बंद पडला की झरे बुजतात, पाण्याला वास येतो. उपसत राहिलं की झरे मोकळे होतात. घरखर्च हा बाजाराचा उपसा आहे. देशाच्या उत्पन्नात शंभरातले जवळजवळ साठ रुपये घरखर्चाचेच असतात. चीनमध्ये हा वाटा चाळिशीच्या आसपास आहे. म्हणजे आपला देश कारखान्यांच्या धुराड्यांइतकाच तुमच्या किराण्याच्या यादीवर चालतो. २०२३-२४च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यातला निम्म्याहून थोडा कमी खाण्यापिण्याचाच. उरलेल्यात दवाखाना, शाळा, कपडा, मोबाईल. यातून उपसा वाढायचा कसा?

मी उधळा असं म्हणत नाही. कर्ज काढून लग्नाचा मांडव घालणं म्हणजे विहिरीत टँकर ओतणं. चार दिवस पाणी वर दिसतं, मग तळ आणि टँकरवाल्याचं देणं. असं करणाऱ्यांवर मला राग येतो, कारण पुढची तीन वर्षं त्या घरातलं लेकरू दुधाला मुकतं. विहिरीला पाऊसच हवा. पाऊस म्हणजे मजुरी आणि मालाला भाव. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ साली त्याचा कायदा झाला. खडी फोडून मिळालेली मजुरी आठवड्याच्या आत किराणा दुकानात पोचायची. गरिबाच्या हातातला रुपया थांबत नाही, श्रोतेहो. तो आधी फिरतो.

आता आपल्याकडची अडचण. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमाराला येतो, हळदीचा उन्हाळ्यात. आणि दप्तर, फी, बी-बियाणं, खत सगळं जूनमध्ये दारात उभं राहतं. हळदीचा पैसा तोवर लग्नसराईनं खाल्लेला असतो. मग उधारीची वही निघते. २०२४च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेतल्या बहिणींच्या खात्यात महिन्याला दीड हजार येऊ लागले. झरा बारीक आहे, पण महिन्याच्या महिन्याला पाझरतो, आणि बाईच्या हातातला पैसा आधी चुलीकडे आणि शाळेकडे जातो. बचत गटातल्या भगिनींनी त्यातले शंभर रुपये जूनसाठी वेगळे ठेवले, तर उधारीची वही... वेळ संपल्याची खूण झाली. हळदीच्या पैशाचं राहिलंच.