वेदनेचे शब्द आणि औषधाची परीक्षा



आजचा विषय वैद्यकाचा वाटेल. मी साहित्य शिकवते. औषधांविषयी सल्ला देण्याचा मला अधिकार नाही आणि तो मी देणारही नाही. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेवर जे संशोधन चालते, त्यात एक जागा अशी आहे की जिथे सगळी यंत्रे थांबतात आणि रुग्णाने उच्चारलेल्या शब्दावर काम सोपवले जाते. मला बोलायचे आहे ते त्या जागेविषयी.

हाड मोडले तर क्ष-किरणात दिसते, ताप तापमापकावर चढतो. मज्जातंतूची वेदना निराळी. तिच्यात दुखावलेली असते ती निरोप पोहोचवणारी तारच. मधुमेहात पायांचे तंतू झिजतात, नागीण बरी झाल्यावरही तिच्या वाटेवरचा तंतू बिघडलेला राहतो, आणि जिथे वरून काहीच दिसत नाही तिथे माणूस रात्रभर तळमळतो. तंतू बिघडल्याचे कधी तपासणीत सापडते, कधी सापडतही नाही. पण तो माणूस किती दुखतो आहे, हे दाखवणारे यंत्र अजून कुणी बनवलेले नाही. ते त्यालाच विचारावे लागते.

या वेदनेचे पहिले मोठे वर्णन अमेरिकेतल्या यादवी युद्धात झाले. सायलस वेअर मिशेल हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर. गोळी लागून तंतू जखमी झालेले सैनिक त्यांच्या रुग्णालयात होते. जखम भरलेली, तरी हाताची आग थांबत नाही. ओल्या फडक्याने हात सतत झाकून ठेवायचा, कुणी जवळून चालत गेले तरी ओरडायचे. मिशेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १८६४ साली यावर पुस्तक लिहिले. पुढे त्या वेदनेला ‘कॉझाल्जिया’ हे नाव मिळाले, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जळती वेदना. आपल्याला जवळची गोष्ट पुढे आहे. हे मिशेल कथा-कादंबऱ्याही लिहीत. कापून टाकलेला पाय दुखतो हा अनुभव त्यांनी आधी शास्त्रीय निबंधात मांडला नाही. १८६६ साली ‘अटलांटिक मंथली’त निनावी कथा म्हणून छापला. कथेतला जॉर्ज डेडलो खराच आहे असे समजून वाचकांनी त्याच्यासाठी पैसेही गोळा केले. शास्त्राला जे सांगायला धीर होत नव्हता ते आधी कथेने सांगून टाकले, असे मी वर्गात जरा अभिमानाने सांगते.

शब्दांची रीतसर मोजणी मात्र शंभर वर्षांनी झाली. रोनाल्ड मेल्झॅक हे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ साली त्यांनी वेदनेचा प्रसिद्ध ‘दाराचा’ सिद्धांत मांडला, म्हणजे मज्जारज्जूत एक फाटक असते आणि ते कमीजास्त उघडते. पण त्याच्या आधीपासून, तरुणपणी, रुग्ण आपल्या दुखण्याला काय काय म्हणतात ते टिपून ठेवायची त्यांना सवय होती. पुढे टॉर्गरसन या संख्याशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी १०२ शब्द जमवले आणि त्यांचे गट पाडून १९७१ साली प्रसिद्ध केले. १९७५ साली त्यातून मॅकगिल वेदना-प्रश्नावली आली : ७८ शब्द, २० गट. काही शब्द शरीराच्या जाणिवेचे, काही मनाच्या अवस्थेचे, काही नुसत्या तीव्रतेचे. कोशकार जे करतो तेच हे काम आहे. अनेक भाषांत या प्रश्नावलीची रूपांतरे झाली, आणि अडचण तिथेच सुरू झाली.

आता औषधाची परीक्षा कशी होते ते थोडक्यात पाहू. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते, डॉक्टरलाही नसते. रुग्णाने रोज वहीत आकडा लिहायचा : ० म्हणजे वेदना नाही, १० म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट. काही आठवड्यांनी सरासरी काढायची. १९९८ साली गॅबापेंटिनच्या दोन परीक्षा अशाच झाल्या, एक नागिणीनंतरच्या वेदनेवर, एक मधुमेहाच्या. (नावावर जाऊ नका. ‘गाबा’ नावाच्या रसायनासारखे ते काम करील म्हणून हे नाव ठेवले. काम ते भलतीकडेच करते असे नंतर कळले, पण नाव चिकटले ते चिकटलेच.)

आकडा किती उतरला म्हणजे खरा फरक? २००१ साली दहा परीक्षांमधल्या २७००हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून उत्तर काढले गेले : दोन अंक, किंवा सुमारे ३० टक्के. हे वाचताना मला माझी आई आठवली. तिला कमरेला नागीण झाली होती. फोड सुकले, दुखणे दीड वर्ष राहिले. डॉक्टरांनी शून्य ते दहा विचारले की ती गप्प बसे. मी विचारले तर म्हणे, “रुपयातले चार आणे कमी आहे गं.” तिच्या पिढीचे मोजमाप आण्यांचे. चार आणे म्हणजे २५ टक्के, आणि शास्त्राची ओलांडायची रेघ जवळजवळ पाच आण्यांवर! तिला सोळा आण्यांची पट्टी दिली असती तर ती अगदी नेमके सांगू शकली असती. आणि आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेल्या, बरे वाटल्यावर दहापैकी आठ दिले होते. आयुष्यभर गुण दिलेला माणूस. बरे वाटले की गुण वाढणारच.

यात हसण्यासारखे आहे, पण परिणाम हसण्यासारखा नाही. कारण या औषधांचा उपयोग आधीच बेताचा. २०१५ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त सगळ्या परीक्षांचा एकत्र हिशोब आला. वेदना निम्म्याने उतरलेला एक जादा माणूस मिळावा म्हणून किती जणांना औषध द्यावे लागते? अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या जुन्या औषधांसाठी ३.६, प्रीगॅबालिनसाठी ७.७. म्हणजे जवळपास आठांतला एक. त्याच वर्षी मॅकगिलच्याच संशोधकांनी दाखवले की अमेरिकेतल्या परीक्षांमध्ये औषधरहित गोळीने बरे वाटण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे वाढत गेले आहे, त्यामुळे नवे औषध तिच्याहून सरस ठरणे अधिकाधिक अवघड होते. २०२२ साली ब्रिटनमधल्या १३० मधुमेही रुग्णांवर तीन नेहमीच्या औषधांची तुलना झाली. तिन्ही वाटांनी सरासरी आकडा ६.६ वरून ३.३ वर आला. तिन्ही सारखीच. फरक इतके बारीक असताना मोजण्याच्या पट्टीत भाषेची चूक शिरली, तर ती चूक फरकापेक्षा मोठी होऊ शकते.

आणि ती शिरते कशी, याची उदाहरणे आपल्याला बाहेर शोधायला नकोत.

फ्रान्समध्ये तयार झालेली ‘डीएन-४’ नावाची एक छोटी प्रश्नावली २००५ पासून जगभर वापरतात. दहा बाबी, चार किंवा अधिक ‘हो’ आले तर वेदना मज्जातंतूची असण्याची शक्यता धरतात. त्यातल्या सात बाबी नुसत्या विचारायच्या : आग, दुखरा गारठा, विजेचा झटका, आणि मग मुंग्या, सुया टोचणे, बधिरता, खाज. हे शब्द आता इंदूरच्या आपल्या घरांत आणून पाहा. दवाखान्यात विचारतात हिंदीत. “पैर में जलन होती है?” मराठी बाईंना ‘जलन’ म्हटले की ‘जळजळ’ आठवते, आणि जळजळ आपल्याकडे होते छातीत, आंबट ढेकरांबरोबर. पायाची होते ती ‘आग’. बाई म्हणतात, नाही. एक ‘हो’ गेला. मग त्या स्वतःहून सांगतात, “पैर बधिर हो गया है.” हिंदीत बधिर म्हणजे बहिरा. तरुण डॉक्टर हसतो. त्याला ‘सुन्न’ ऐकायचे असते. पण मराठीत सुन्न होतो तो माणूस, वाईट बातमी ऐकून. दुसरा ‘हो’ गेला. पुढे मुंग्या आणि सुया टोचणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि हिंदीत घाईघाईने दोन्हींना ‘झुनझुनी’ म्हणून टाकतात. मग एका अनुभवाला दोन गुण मिळतात किंवा दोन अनुभवांना एक. चाराची रेघ आहे हे लक्षात ठेवा. तीन आणि चार यांच्यामध्ये एक माणूस उपचाराच्या आत किंवा बाहेर पडतो.

भाषांतर तपासण्याची रीत संशोधकांकडे आहे, नाही असे नाही. एकाने भाषांतर करायचे, दुसऱ्याने ते न पाहता उलट इंग्रजीत आणायचे, दोन्ही जुळले की झाले. पण ‘बधिर’ उलट नेला तर बरोबरच निघतो. शब्द कोशात बरोबर असतो आणि तोंडात चुकतो. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची : खऱ्या रुग्णांसमोर एकेक शब्द ठेवून ‘याचा तुम्ही काय अर्थ घेतला’ असे विचारणे. ही पायरी वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते ती डॉक्टरांपेक्षा आपल्या लोकांना चांगली जमेल.

कारण आपल्याकडे शब्द आहेत, भरपूर आहेत. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. ठणक्याला जोर असतो, ठसठशीला ठोका. कळ येते आणि जाते, सल राहतो. तिडीक डोक्यात उठते, सणक वर जाते. चुरचुर वरच्या कातडीची, भगभग आतली. आणि एक शब्द तर मला वैद्यकाला भेट द्यावासा वाटतो : हुळहुळणे. नुसता पातळाचा पदर घासला, पंख्याचा वारा लागला तरी दुखणे, हे मज्जातंतूच्या वेदनेचे खास लक्षण आहे. त्यासाठी वैद्यकाने ग्रीक तुकडे जोडून ‘अ‍ॅलोडिनिया’ असा शब्द बनवला. माझी आई म्हणायची, “हुळहुळं झालंय, चोळी सोसत नाही.” तिने ते ग्रीकमध्ये सांगितले असते तर कदाचित लवकर निदान झाले असते!

महारोगाचेही असेच. महारोग म्हणजे संवेदना जाणे, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण २०११ साली मुंबईतल्या, उपचार पुरे झालेल्या सुमारे शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा पाचांतल्या एकाहून थोड्या अधिक जणांना मज्जातंतूची वेदना असल्याचे आढळले. ज्याला कळत नाही असे आपण गृहीत धरतो, त्याला दुखते का हे विचारायचेच राहून जाते.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो इंदूरचाच. औषधांच्या परीक्षांबद्दल २०१२ साली जी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, ती इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाची. तिच्या ओघात नियम कडक झाले, संमती घेताना चित्रीकरण करण्याचा आदेश आला, आणि २०१९ साली नवी नियमावली झाली. संमती रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवी, हे नियमात आहे. पण कळणारी म्हणजे कोणती? मी असे एक मराठी संमतिपत्र पाहिले आहे, संस्थेचे नाव घेत नाही. त्यात ‘यादृच्छिक विभाजन’ होते, ‘छद्मौषध’ होते. इतके शुद्ध की कुणाला कळू नये. ‘तुम्हाला औषध मिळेल की नुसती गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, आम्हालाही माहीत नसेल’ एवढे लिहिता आले असते. परिभाषा घडवणारी आपण मंडळी, त्यामुळे या दोषात आपला वाटा आहे. तसेच, यांतली पुष्कळ औषधे मूळ फेफऱ्याची किंवा नैराश्याची. कार्बामाझेपिन १९६२ पासून चेहऱ्याच्या मज्जातंतुशूळावर दिले जाते, ते फेफऱ्याचे औषध. औषधाच्या दुकानात कुणी ‘हे वेडाचं आहे’ म्हणाले की रुग्ण गोळ्या टाकून देतो. त्याला दोन वाक्ये नीट समजावून सांगणे हे काम भाषेचेच.

गेल्या सत्रात एम.ए.च्या मुलांना मी एक गृहपाठ दिला : घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला त्याच्या दुखण्याबद्दल विचारा आणि शब्द जसाच्या तसा लिहून आणा, शुद्ध करू नका. माळव्यातली मराठी त्या वह्यांत आहे, हिंदी मिसळलेली, काही शब्द मीही प्रथमच ऐकले. ‘करंट मारतो’ आणि ‘विंचवागत’ हे एकाच घरातल्या नातवाने आणि आजीने एकाच प्रकारच्या झटक्याला दिलेले शब्द आहेत. अकादमीने हे काम हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे : देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर इथून शब्द गोळा करावेत, प्रत्येकासमोर तो कुठल्या दुखण्यासाठी, शरीराच्या कुठल्या भागासाठी वापरतात ते नोंदवावे, शेजारी हिंदी प्रतिशब्द द्यावा आणि तो कुठे फसवतो तेही लिहावे. खर्च फारसा नाही. वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा मज्जातंतुतज्ज्ञ सोबत लागेल, आणि शब्द सांगणारी पिढी अजून आहे तोवर सुरुवात करावी लागेल. नोंदीच्या कार्डाचा नमुना मी तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी व्याख्यानानंतर माझ्याकडून घ्यावा.