कांजिण्या, फुल शर्ट आणि दोन पेपर

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज एक कबुली द्यायची आहे.

बीटेकचं तिसरं वर्ष. होस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघं. परीक्षेचे शेवटचे दोन पेपर बाकी होते. सकाळी उठलो तर अंगात ताप आणि पोटावर चार-पाच फोड. दुपारपर्यंत पाठीवर पण आले. कांजिण्या आहेत हे मला कळलं होतं. पण रेक्टरना सांगितलं तर काय होणार, हेही माहीत होतं. बॅग भर, घरी जा. पेपर बुडाले की बॅकलॉग, आणि बॅकलॉगवाल्याला कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या बसूच देत नाहीत. मग तापाची गोळी घेतली, फुल शर्ट घातला आणि दोन्ही पेपर दिले. मेसमध्ये जेवलो पण. कुणाला काही बोललो नाही.

दोन आठवड्यांनी रूममेटचा फोन आला. सुट्टीत घरी गेलेला, त्याला कांजिण्या झालेल्या. आणि घरात त्याची ताई होती, सातवा महिना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आई आणि बाळ, दोघांनाही धोका असतो. त्यात हा आजार फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो. म्हणजे याला वेगळ्या खोलीत ठेवेपर्यंत उशीर झालेलाच. ताईला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून निभावलं. पण डॉक्टरांनी तसं सांगेपर्यंत त्या घरात कुणी झोपलं नव्हतं. मी फोनवर फक्त "अरे बापरे" म्हणालो. माझ्यामुळे झालं, हे सांगायला मला आणखी एक वर्ष लागलं.

आता अमेरिकेत जाऊया. इलिनॉय विद्यापीठाचा अर्बाना-शॅम्पेन कॅम्पस, ऑगस्ट २०२०. कोविड जोरात, लस आलेली नाही, तरी यांनी कॅम्पस उघडायचं ठरवलं. तयारी बघा. नाकात काडी नाही, नळीत लाळ द्यायची. नमुना ९५ अंशांवर अर्धा तास तापवून थेट पीसीआर. प्रत्येकाची आठवड्यातून दोनदा टेस्ट. रिपोर्ट अ‍ॅपवर, आणि अ‍ॅपने हिरवा कंदील दाखवला तरच इमारतीत प्रवेश. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी साथीचं मॉडेल बनवलेलं. पोरं पार्ट्या करणार, हेसुद्धा त्यात धरलेलं!

२४ ऑगस्टला वर्ग सुरू झाले आणि बघता बघता केसेस अंदाजाच्या वर गेल्या. का? काही पोरं पॉझिटिव्ह आहोत हे माहीत असूनही पार्टीला गेली. काहींनी आरोग्य विभागाचे फोन टाळले. हे मॉडेलमध्ये नव्हतं.

२ सप्टेंबरला विद्यापीठाने दोन आठवड्यांसाठी कडक निर्बंध लावले. नियम मोडणाऱ्यांवर कारवाई झाली. पण मला आवडलेला बदल वेगळाच आहे. रिपोर्ट आल्यापासून अर्ध्या तासात त्या विद्यार्थ्याशी बोलायचं, यासाठी त्यांनी खास टीम उभी केली. आकडे खाली आले.

आमच्या धंद्यात सांगायचं तर, मॉनिटरिंग कितीही भारी असू दे, अलर्ट आल्यावर कुणी हललंच नाही तर सर्व्हर पडणारच. टेस्ट हा फक्त अलर्ट आहे.

ती पोरं पार्टीला गेली, मी पेपरला गेलो. माझं कारण जास्त सभ्य वाटतं, पण हिशोब तोच. सांगितलं तर नुकसान माझं, लपवलं तर दुसऱ्याचं. आणि हा हिशोब बदलणं कॉलेजच्या हातात आहे. आजारपणात बुडालेला पेपर बॅकलॉग न धरता नंतर देता आला, होस्टेलमध्ये दोन खोल्या वेगळ्या ठेवल्या, तिथे वायफाय आणि मेसचा डबा पोचला, तर माझ्यासारखा पोरगा फुल शर्ट कशाला घालेल? याला अ‍ॅपसुद्धा लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी विद्यार्थी प्रतिनिधी असेल, तर एवढ्या तीन गोष्टी रेक्टरना लेखी द्या. साथ यायच्या आधी द्या. आणि आत्ता अंगात ताप असेल, तर निदान रूममेटला सांगा. त्याच्या घरी कोण आहे, आपल्याला माहीत नसतं.

तो रूममेट आजही माझा मित्र आहे. ताईची मुलगी आता शाळेत जाते. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी त्याला विचारलं, सांगू का? म्हणाला, "सांग, पण या वेळी पूर्ण सांग."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!