अक्षरांच्या उंबरठ्यावर अडखळणारी मुले



ग्रंथालयाच्या शताब्दीत वाचणाऱ्यांचा गौरव व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु सहावीत येऊनही ज्याचे बोट ओळीवर थबकते, त्या मुलाचा विचार कोणी करावयाचा? तो मतिमंद नसतो. ऐकलेली गोष्ट तो रंगवून सांगतो, बिघडलेली सायकल नीट करतो. कागदावरचे अक्षर आणि मुखातला ध्वनी यांची गाठ मात्र त्याच्याकडून सहजी बसत नाही.

इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी 1896 साली अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्या अवस्थेला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत त्यांनी त्यात नोंदविले आहे. मास्तरांची नजर साफ होती, हे शिक्षकवर्गाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

देवनागरी उच्चारानुसारी असल्याने मराठी मुलाला ही अडचण येऊच नये, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. 'कि' म्हणताना आधी क येतो, डोळ्यांना मात्र वेलांटी आधी भेटते. 'सूर्य' शब्दात र उच्चारावयाचा य च्या आधी, पण तो बसतो य च्या डोक्यावर. 'प्रकाश', 'राष्ट्र', 'तऱ्हा' यांत तोच र आणखी तीन वेश घेतो. घ आणि ध, भ आणि म यांतील फरक तर एका वळणाचा!

सिल्वासात यात आणखी भर पडते. घरी वारली, कोकणा किंवा धोडिया बोली, शाळेत मराठी किंवा गुजराती, कारखान्यांच्या वस्तीत हिंदी. पाटीवर शिरोरेषा, तर दुकानाच्या फलकावर तिच्यावाचून गुजराती अक्षरे, आणि तेथे पाचाचा आकडा व प हे अक्षर जवळजवळ एकसारखे. अशा मुलाला शाळेची भाषा परकी म्हणून वाचता येत नाही, की अडथळा वाचनाचाच आहे, हे एका भेटीत ठरत नाही. त्याच्या बोलीतही तपासणी व्हावयास हवी. तोवर कोणताच शिक्का मारू नये.

शिक्का तर आधीच बसलेला असतो. 'मठ्ठ' हा शब्द वर्षानुवर्षे ऐकलेला मुलगा आठवी-नववीत उद्धट होतो, कारण मठ्ठ ठरण्यापेक्षा उद्धट ठरणे त्याला परवडते. एखाद्या मुलीचे पोट नेमके परीक्षेच्या सकाळी दुखते, आणि ते खरोखरच दुखत असते. झोप उडणे, माणसांत न मिसळणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही नाटके समजून सोडून देऊ नयेत. 2022 पासून 14416 या टेलिमानस दूरध्वनीवर शासनातर्फे अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक येथील सूचनाफलकावर लावण्यास काहीच हरकत नसावी.

महाराष्ट्रात 1996 साली अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू लागल्या. 1995 च्या केंद्रीय अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. 2016 च्या कायद्याने ती मानली, आणि ती लवकर ओळखून योग्य उपाय करण्याचे कर्तव्य शाळांवर टाकले. तो कायदा या प्रदेशालाही लागू आहे. मात्र मूल कायद्यापर्यंत पोहोचण्याआधी ते घरातल्या कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, आणि तेथेच सारे अडते.

आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून आधी बोर्डीस, मग कोसबाडच्या टेकडीवर काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलांत खोट शोधण्याऐवजी त्यांनी शाळेची जागा बदलली.

ग्रंथालयालाही आपली जागा थोडी हलविता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी राखावी. वाचणारे सभासदांतलेच असावेत, निवृत्त शिक्षक मिळाल्यास उत्तमच. बालविभागात ध्वनिमुद्रित पुस्तके असावीत. आणि पुस्तक बदलावयास आलेल्या मुलाला चारचौघांत 'नाव वाच बघू' असे कोणी म्हणू नये; त्याने नुसते बोट दाखविले तरी पुस्तक त्याच्या हाती द्यावे.