निळ्या किरणाची तबकडी

या भाषणाचा विषय ठरला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, ‘तुम्ही कवी माणूस, तुम्हाला तबकड्यांचे काय पडले आहे?’ प्रश्न रास्त आहे. पण ज्याने आयुष्यभर छापील कागदावर भरवसा ठेवला, त्याला एखादी गोष्ट कशावर टिकते आणि कुणाच्या कपाटात राहते याची काळजी वाटणारच. आज बोलायचे आहे ते घरी बसून उत्तम प्रतीचा चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या शौकिनांविषयी, आणि त्यांच्या हातातल्या चकचकीत तबकडीचे पुढे काय होणार याविषयी.

माझ्या वयाच्या माणसांनी या तबकडीच्या सगळ्या पिढ्या पाहिल्या. शाळकरी वयात गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने यायचा, सोबत तीन कॅसेटी. पहाटेपर्यंत तीन सिनेमे ‘वसूल’ केले जात, तिसऱ्याच्या वेळी निम्मी गल्ली सतरंजीवर घोरत असे. मग व्हीसीडी आली. चित्रपट मध्येच थांबायचा, कुणीतरी उठून दुसरी तबकडी घालायचे, आणि तेवढ्यात चहा व्हायचा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या गावातल्या दुकानात अक्षरशः झुंबड उडाली होती. भाजी आणायला गेलेला माणूस पिशवीत कोथिंबिरीबरोबर एक सिनेमाही घेऊन येई. त्या कंपनीचे दिवाळे वाजून २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. आमच्या गावातल्या त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

व्हीसीडीच्या चित्रात साधारण एक लाख ठिपके असत. डीव्हीडीत ते चार लाखांवर गेले. ज्याला हाय डेफिनिशन म्हणतात, त्यात वीस लाखांहून थोडे अधिक. आणि २०१६ पासून बाजारात आलेल्या अल्ट्रा एचडी तबकडीत सुमारे त्र्याऐंशी लाख. एवढे ठिपके तेवढ्याच, बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीत बसवायचे कसे? तबकडीवर लेसर किरणाने वाचण्याजोग्या सूक्ष्म खळग्या असतात. किरण जाड असेल तर खळग्याही मोठ्या लागतात. बोरूने लिहिले की पानावर दहा ओळी मावतात आणि बारीक निबाने लिहिले की तीस, तसे हे आहे. डीव्हीडीचा लाल किरण ६५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, तर नव्या तबकडीचा निळसर जांभळा ४०५ नॅनोमीटरचा. हा निळा प्रकाश अर्धवाहकातून काढणे फार अवघड होते. ज्या निळ्या दिव्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, त्याच वाटेवर पुढे निळा लेसरही सापडला.

किरण एक, पण तबकड्या झाल्या दोन. इथे भांडणाला सुरुवात होते.

खरे तर डीव्हीडीच्या वेळीही दोन तट होते, पण १९९५ मध्ये शहाणपणाने तडजोड झाली आणि जगाला एकच तबकडी मिळाली. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, पुन्हा बोलणी झाली ती मात्र फिसकटली. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि दुसरीकडे सोनी व तिच्या मित्रांची ब्लू-रे. (इंग्रजीत या ‘ब्लू’मधले शेवटचे अक्षर मुद्दाम गाळले आहे, म्हणजे नेहमीच्या शब्दावर मालकी सांगितल्याचा आक्षेप नको. देवनागरीत हा चतुरपणा दिसतच नाही.) तोशिबाचा युक्तिवाद घरगुती होता. आमची तबकडी डीव्हीडीसारखीच आहे, वरचा थर ०.६ मिलिमीटरचाच आहे, कारखान्यातली यंत्रे थोड्या बदलाने चालतील. तिच्या एका थरात १५ जीबी मावत. ब्लू-रेने मजकूर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणून ठेवला, त्यामुळे थरात २५ जीबी मावले. पण एवढ्या पातळ आवरणाला ओरखडा म्हणजे मरणच. म्हणून २००३ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या तबकड्या चक्क प्लॅस्टिकच्या डबीत बंद असत. पुढे टीडीके कंपनीने कडक लेप शोधला, तेव्हा कुठे ती डबी गेली.

२००६ च्या वसंतात एचडी डीव्हीडी बाजारात आली आणि काही आठवड्यांत ब्लू-रे. अमेरिकेत तोशिबाचे यंत्र ४९९ डॉलरला, तर ब्लू-रेचे पहिले यंत्र ९९९ डॉलरला. किमतीवर निकाल लागायचा असता तर तोशिबा जिंकली असती. २००७ च्या नोव्हेंबरात तर तिचे यंत्र काही दुकानांत शंभर डॉलरच्या आत विकले गेले. पण सोनीने एक डाव आधीच टाकला होता. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन-३ या खेळाच्या यंत्रातच ब्लू-रे बसवलेला होता. पोरांनी खेळ मागितला आणि बापांच्या दिवाणखान्यात नकळत तबकडी शिरली. चित्रपट कंपन्या दोन्हीकडे वाटल्या गेल्या होत्या. डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे, युनिव्हर्सल तोशिबाकडे, आणि वॉर्नर दोन्ही दगडांवर पाय ठेवून. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने एक पाय उचलला आणि आम्ही यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असे जाहीर केले. मग मोठ्या दुकानांनी पाठ फिरवली, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली. दीड महिन्यात खेळ खलास! पूर्वी व्हीएचएसकडून बीटामॅक्सचा पराभव सोसलेल्या सोनीला हा विजय किती गोड लागला असेल, याची कल्पना करावी. ज्यांनी हौसेने एचडी डीव्हीडी घेतली, ते लोक मात्र एका मृत भाषेचे वाचक झाले.

गंमत अशी की हे दोन मल्ल आखाड्यात झुंजत असताना, जानेवारी २००७ मध्ये, टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखवायला सुरुवात केली. त्या वेळी कुणी फार मनावर घेतले नाही. आज निकाल समोर आहे. नेटफ्लिक्सने टपालाची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये कायमची बंद केली. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबवले. बेस्ट बाय या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये चित्रपटांच्या तबकड्या फळीवरून काढल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. लढाई जिंकली, पण रणांगणच दुसरीकडे हलले.

मग तबकडी संपली का? मला तसे वाटत नाही. पहिले कारण डोळ्यांचे आणि कानांचे. अल्ट्रा एचडी तबकडीवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती येऊ शकते, तर त्याच प्रतीचे म्हणवणारे इंटरनेटवरचे चित्र साधारणपणे पंधरा-वीस मेगाबिटवर भागवते. अंधारातला प्रसंग, धुके, पाऊस असे काही आले की फरक लगेच कळतो, काळ्या रंगाचे चौकोनी तुकडे पडतात. पण बहुतेकांना एवढे चालते, हेही मान्य केले पाहिजे. फोनवर सिनेमा पाहणाऱ्याला त्र्याऐंशी लाख ठिपक्यांचे काय?

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते, ते मालकीचे. इंटरनेटवर ‘विकत घ्या’ असे बटण असते. ते दाबून आपण पैसे देतो, पण हाती येते ती पाहण्याची परवानगी. २०२३ च्या डिसेंबरात प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवण्यात आले की डिस्कव्हरीचे तुम्ही विकत घेतलेले कार्यक्रम तुमच्या संग्रहातून काढले जातील. ओरड झाली, निर्णय फिरवला गेला. पण तो फिरवणे त्यांच्या हातात होते, ग्राहकाच्या नव्हे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला की नुसता परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘ओपनहायमर’ची अल्ट्रा एचडी तबकडी अनेक दुकानांत हातोहात संपली होती. तिचे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन हे तबकडी फळीवर ठेवा, म्हणजे ती कुणी परत नेणार नाही, असे सांगत फिरत होते. माझ्या अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण ती घरातल्या पुस्तकांवरची धूळ रोज पुसायची. कुणी मागितले तर पुस्तक द्यायची आणि महिनाभराने परत मागायची. ‘परवान्या’ला धूळही बसत नाही आणि तो शेजाऱ्याला देताही येत नाही.

आता तबकडीवाले फार सज्जन आहेत असे कुणी समजू नये. माझा भाचा दुबईला असतो. सुट्टीवर येताना त्याने मोठ्या हौसेने एक ब्लू-रे आणली. इथल्या यंत्रात घातली तर पडद्यावर नकार. मी तबकडी फडक्याने पुसतोय, फुंकर मारतोय. तो म्हणाला, ‘मामू, डिस्क खराब नाहीये, मुलूख चुकलाय.’ कंपन्यांनी जगाचे तीन तुकडे केले आहेत. आखात आणि युरोप ‘बी’मध्ये, आपण ‘सी’मध्ये. एका मुलखाची तबकडी दुसऱ्या मुलखाच्या यंत्रात चालू नये अशी सोय. अल्ट्रा एचडी तबकडीत ही फाळणी ठेवली नाही, तेवढे एक बरे झाले.

या फाळणीचा खरा विनोद पाहायचा असेल तर सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीकडे पाहावे. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह करपल्या. राय आदल्या वर्षीच गेले होते. ती करपलेली रिळे कुणीतरी टाकून दिली नाहीत, अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहात ती वीस वर्षे पडून राहिली. मग क्रायटेरियन कंपनीने ती इटलीत बोलोन्याच्या कारागिरांकडे दिली. त्यांनी ठिसूळ झालेल्या फिती ओलावा देऊन मऊ केल्या, कडांची छिद्रे हाताने दुरुस्त केली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग त्या मूळ फितींतून परत मिळाला, बाकीचा इतर देशांतल्या प्रतींमधून घेतला. २०१५ मध्ये त्याची ब्लू-रे निघाली. ती होती अमेरिकेच्या ‘ए’ विभागाची. म्हणजे बंगालच्या खेड्यातली काशफुले इटलीत पुन्हा फुलली, अमेरिकेत विकली गेली आणि भारतात घेतलेल्या यंत्राने म्हटले, हा आमचा मुलूख नाही!

आपल्याकडे काय? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह शेकडो चित्रपटांची रिळे जळाली. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची तर एकही प्रत उरलेली नाही. मराठी चित्रपटांच्या वाट्याला प्रामुख्याने व्हीसीडी आणि डीव्हीडीच आली, तीही पुष्कळदा कुठल्या तरी जीर्ण प्रिंटवरून उतरवलेली. ते एक लाख ठिपकेच अनेक चित्रपटांचे घरातले शेवटचे रूप आहे.

पुढचे माझे भाकीत एवढेच. आठ-के म्हणून जी पुढची पायरी सांगतात, तिची चित्रपटांची तबकडी येईल असे मला दिसत नाही, कारण मोठा बाजार उरलेला नाही. पण क्रायटेरियन, इंग्लंडमधली अॅरो यांसारखी छोटी घरे मोजक्या प्रती, चांगली पुस्तिका आणि नीट दुरुस्त केलेला चित्रपट देऊन टिकून आहेत. मराठी कवितासंग्रहाची आवृत्ती पाचशे प्रतींची असते, ती संपायला दहा वर्षे लागतात, तरी कवितासंग्रह निघतच असतात. तबकडीचेही तसेच होईल. ती किंचित महाग होईल, थोड्यांचीच राहील, आणि त्या थोड्यांना ती फार जपावी लागेल.

कारण तबकडी अमर नाही. वॉर्नरने २००६ ते २००८ दरम्यान काढलेल्या काही डीव्हीडी आतून नासल्या आहेत, कंपनीने २०२५ मध्ये ते कबूल केले आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. तेव्हा ज्यांच्या कपाटात जुन्या तबकड्या आहेत त्यांनी त्या एकदा काढून, लावून पाहाव्यात. उन्हात ठेवू नयेत, एकावर एक रचू नयेत, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. घरच्या लग्नाची वगैरे असेल तर तिची दुसरी प्रत आजच करून घ्यावी. आणि यंत्र चालू असेल तर महिन्यातून एकदा तरी सुरू करावे. बऱ्याच यंत्रांत तबकडीचा ट्रे आत-बाहेर करणारा छोटा रबरी पट्टा असतो, आणि वापर नसला की पहिल्यांदा जातो तो तोच.